बाबांची काळी ट्रंक उघडली, आता लिहायचं कुठून?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की बाबा हवाई दलातून एअर कमोडोर म्हणून रिटायर झाले, शेवटची पंचवीसेक वर्षं नाशकात कॉलेज रोडला राहिले, मागच्या पावसाळ्यात गेले, आणि आता वर्षश्राद्धाला साठ-सत्तर पानांची पुस्तिका काढून नातेवाइकांना द्यायचीय. माळ्यावरून नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक निघाली, त्यात तीन लॉगबुकं (उड्डाणांच्या नोंदवह्या), मेडलं, फोटो, कागद. बाबा नोकरीबद्दल कधी बोलले नाहीत, आई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, त्या म्हणतात मला तारखा आठवत नाहीत, आणि तुम्हाला विमानातलं ओ की ठो कळत नाही. शिवाय लॉगबुकात १९७४ च्या मार्चमध्ये एका ओळीखाली दोन रेघा मारल्यात, शेवटी डीएनसीओ लिहिलंय आणि त्यानंतरची नोंद थेट जुलैतली, हे काय असं विचारलंय. सांगतो, पण जरा लांबेल.

आधी मी कोण ते. निफाड तालुक्यातला, कांदा-द्राक्षवाल्या घरातला. शाळेच्या पटांगणात उभं राहिलं की ओझरच्या विमान कारखान्यातली मिग डोक्यावरून जायची, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये तो कारखाना आला, आणि यशवंतराव तेव्हा नाशकातूनच बिनविरोध निवडून गेलेले, त्यामुळे आमच्याकडे म्हातारी माणसं त्या आवाजाला "यशवंतरावांचं विमान" म्हणायची. १९७४ ला मी एअरमन म्हणून, म्हणजे ऑफिसरच्या खालच्या हुद्द्यावर, हवाई दलात भरती झालो, ट्रेड इंजिन फिटर, २०१३ ला मास्टर वॉरंट ऑफिसर म्हणून बाहेर पडलो, शेवटची पोस्टिंग ओझरच्याच ११ बेस रिपेअर डेपोत. म्हणजे मी उडालो नाही, उडणाऱ्यांना उडवून दिलं आणि ते परत येईपर्यंत खाली उभा राहिलो. रिटायर झाल्यावर एका साहेबांच्या घरच्यांनी असंच बोलावलं, मग त्यांच्याकडून दुसऱ्यांनी, असं करत आतापर्यंत अकरा घरांच्या ट्रंका उघडून झाल्यात. लेखक नाही मी, ट्रंका वाचणारा आहे म्हणा.

पहिलं काम, पेपरात आलेली बातमी समोर ठेवून सुरुवात करू नका. तुम्ही पाठवलेलं कात्रण बघितलं, त्यात चार चुका आहेत आणि तेच पुस्तिकेच्या पहिल्या पानावर गेलं तर कायमचं चिकटेल. एक, "एअर कमांडर" असं पद नसतं, एअर कमोडोर. लष्करातल्या ब्रिगेडियरच्या बरोबरीचं. दोन, "निवृत्त" हे नावाच्या नंतर, पदाच्या आधी नाही, कारण आमच्याकडे म्हणतात रँक रिटायर होत नाही, माणूस होतो. तीन, बाबांना व्हीएम होतं, म्हणजे वायुसेना मेडल, आणि बातमीत छापलंय विशिष्ट सेवा मेडल, ते व्हीएसएम, वेगळं. ही गल्लत फार कॉमन आहे, मी तर एका बंगल्याच्या नेमप्लेटवर बघितलीय, खुद्द साहेबांनी वीस वर्षं पेंटरची चूक चालवून घेतली होती. चार, हवाई दलाचं ब्रीद "नभःस्पृशं दीप्तम्" आहे, "स्पर्शं" नाही, गीतेच्या अकराव्या अध्यायातला चोविसावा श्लोक काढून बघा, विश्वरूप पाहून अर्जुन म्हणतो तो. एवढं दुरुस्त करा आणि कात्रण बाजूला ठेवा.

आता लॉगबुक. पायलटचं लॉगबुक म्हणजे डायरी नव्हे, तो हिशोबाचा कागद आहे, आणि म्हणूनच तो खोटं बोलत नाही. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ. तारीख, विमानाचा टाइप, त्याचा नंबर, पायलट कोण (स्वतः असेल तर "सेल्फ"), काय काम होतं, मग किती वेळ, दिवसा की रात्री. महिना संपला की बेरीज आणि खाली फ्लाइट कमांडर, सीओ (कमांडिंग ऑफिसर) यांच्या सह्या. तुमच्या बाबांचं कमिशन १९६६ चं, म्हणजे पहिल्या वहीच्या सुरुवातीला एचटी-२ दिसेल, ते बंगलोरला एचएएल या सरकारी विमान कंपनीनं बनवलेलं छोटं पंख्याचं विमान, मग हार्वर्ड, मग व्हॅम्पायर हे पहिलं जेट, मग हंटर. एचटी-२ च्या पानांवर दोन-तीन आठवडे दुसऱ्या कुणाचं तरी नाव पायलटच्या रकान्यात येईल आणि एके दिवशी तिथे "सेल्फ" येईल, वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. ती पहिली सोलो. वीस-एकवीस वर्षांचं पोरगं एकटं वर गेलं आणि एकटं खाली आलं. बाकी काही नाही छापलं तरी चालेल, त्या पानाचा फोटो छापा.

कामाच्या रकान्यातली अक्षरं तुम्हाला अडवतायत. जीएच म्हणजे जनरल हँडलिंग, विमान हातात बसवायचं. आयएफ म्हणजे बाहेर न बघता फक्त समोरच्या घड्याळांवर, म्हणजे उपकरणांवर, उडायचं. पीआय म्हणजे आकाशात दुसऱ्याला गाठायचा सराव. सीएपी म्हणजे हवेत पहारा. एअर टेस्ट म्हणजे दुरुस्तीनंतर विमान ठीक आहे का ते उडवून बघायचं, आणि फेरी म्हणजे नुसतं इकडचं विमान तिकडे नेऊन पोचवायचं. डीसीओ म्हणजे ड्यूटी कॅरीड आउट, काम झालं. डीएनसीओ म्हणजे नाही झालं. डीएनसीओ कशानंही येतो, ढग आले, रेडिओ बंद पडला, तेलाचं प्रेशर घसरलं, पक्षी धडकला, टार्गेटवर धुकं होतं. तुमच्या दोन रेघांच्या ओळीकडे शेवटी येतो.

तासांची बेरीज बघून हिरमुसू नका. तुम्ही लिहिलंय की शेजारचे एक काका एअरलाइनमध्ये होते, त्यांचे चौदा हजार तास आणि बाबांचे फक्त तीन हजार, मग बाबा कमी उडायचे का? अहो फायटरची एक सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, चाळीस मिनिटांची. मिग-२१ मध्ये तर इंधन इतकं कमी की वर गेलं की खाली यायचीच तयारी. तीन हजार तास म्हणजे साडेचार हजाराच्या आसपास वेळा टेकऑफ आणि तितक्या वेळा लँडिंग, आणि मिगचं लँडिंग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरातलं, मागून पॅराशूट उघडायची तेव्हा कुठे थांबायचं. पुस्तिकेत तास छापू नका, सॉर्टी मोजून छापा. एक दुपार जाईल मोजायला, नातवंडांना लावा कामाला.

आता कोऱ्या जागा. ओळींपेक्षा कोऱ्या जागा जास्त बोलतात असं माझं मत झालंय. वर्षभराच्या आसपास अगदीच तुरळक उड्डाण दिसलं तर बहुतेक तामिळनाडूतल्या वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स. दोन-तीन वर्षं मोजकंच उड्डाण म्हणजे दिल्लीत एअर हेडक्वार्टरला टेबलावर. मधेच दोन-चार महिने गायब असेल तर आजारपण, अपघात, कधी घरचं काही. इजेक्शन, म्हणजे सीटसकट विमानाबाहेर उडी, झालं असेल तर सीटच्या धक्क्यानं मणक्याला मार बसतो, मग बंगलोरच्या एअरोस्पेस मेडिसिन इन्स्टिट्यूटला तपासण्या, तोवर उडायला बंदी. २०२४ च्या जूनमध्ये आमच्या निफाडात शिरसगावजवळ सुखोई पडलं तेव्हा दोन्ही पायलट बाहेर पडले, लोक म्हणाले चला वाचले, संपलं. पायलटसाठी ते तिथे संपत नाही.

आणि आता माझी मुख्य गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. एका तारखेला तीन बाजूंनी धरायचं. लॉगबुकातली ओळ, त्या दिवशी जमिनीवर कोण होतं त्याची आठवण, आणि त्या दिवशी घरात काय चाललं होतं ते. नुसतं लॉगबुक घेतलं तर पुस्तिका टाइमटेबल होते, नुसत्या सोबत्यांच्या आठवणी घेतल्या तर सत्कार समारंभ होतो, आणि नुसतं घरच्यांनी लिहिलं तर "बाबा कडक होते पण आतून मऊ होते", जे सगळ्याच बाबांबद्दल लिहितात.

हे मला कसं कळलं ते सांगतो. ऐंशीच्या दशकात मी पंजाबात एका मिग-२१ स्क्वाड्रनमध्ये कॉर्पोरल होतो. मिग-२१ चं इंजिन बदलायचं तर शेपटीकडचा अख्खा भाग वेगळा करून इंजिन मागे ओढून काढावं लागतं, दोन-तीन दिवसांचं काम. काम संपलं, संध्याकाळी टूल मोजले तर एक छोटा स्पॅनर कमी. आमच्याकडे टूलबोर्डवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, हत्यार जागेवर नसलं की ती रिकामी आकृती डोळ्यात खुपते. स्पॅनर विमानात राहिला आणि उडताना कंट्रोल रॉडमध्ये अडकला तर पायलट गेला, म्हणून स्पॅनर सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही आणि विमान जागचं हलत नाही. डिसेंबर, धुकं, हँगरचा पत्रा असा गार की हात लावला तर चिकटेल. फ्लाइट कमांडर होते ते स्क्वाड्रन लीडर, आपले मराठी, पुढे ते पण नाशकातच स्थायिक झाले. ते साडेआठला आले आणि गेलेच नाहीत. ऑफिसरनं खुर्ची टाकून बसायचं असतं, हे टॉर्च घेऊन विमानाखाली पालथे. रात्री दीडला स्पॅनर सापडला, कुठे, तर माझ्या थंडीच्या जॅकेटात. खिसा आतून फाटलेला, तिथून अस्तरात उतरलेला. खिसे मी तीनदा तपासले होते, अस्तर नाही तपासलं.

मला वाटलं आता गेलो कामातून. त्यांनी जॅकेट हातात घेतलं, फाटक्या खिशातून बोट आरपार घालून बघितलं, आणि त्या स्क्वाड्रनमध्ये पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलले. "हे शिवून घे आधी. सकाळी धुकं उठलं की एअर टेस्ट, मीच नेणारे." शिक्षा झाली मला, चार्जशीट लागली, सात दिवस लाइनमध्ये, ती व्हायलाच पाहिजे होती आणि त्यांनीच लावली. पण सकाळी तेच विमान, ज्यात रात्रभर सगळे शंकेनं डोकं घालत होते, ते दुसऱ्या कुणाला न देता स्वतः वर घेऊन गेले. आल्यावर फॉर्म सेव्हन हंड्रेडवर, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, सही केली, माझ्याकडे बघितलंही नाही.

ते वारले २०१६ ला. त्यांच्या घरी लॉगबुक चाळताना ती ओळ दिसली. मिग-२१, नंबर तोच (तो नंबर मी मरेपर्यंत विसरणार नाही), सेल्फ, एअर टेस्ट, पस्तीस मिनिटं, डीसीओ. एवढंच. मी त्यांच्या मिसेसना, आम्ही वहिनीसाहेब म्हणतो, वरचं सगळं सांगितलं. त्यांनी तारीख विचारली, जरा वेळ गप्प, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे त्या रात्री तुम्ही होतात होय!" त्याच संध्याकाळी धाकटीचा पहिला वाढदिवस होता, पंचवीस माणसं जेवायला, साहेब आलेच नाहीत, रात्री दोनला ग्रीस लागलेल्या हातांनी आले, कारण सांगितलं नाही, आणि वहिनीसाहेबांनी पुढे तीस वर्षं दर वाढदिवसाला ते ऐकवलं. साहेबांनी एकदाही म्हटलं नाही की एका कॉर्पोरलचा स्पॅनर हरवला होता. वहिनीसाहेब हसायला लागल्या, मग डोळ्याला पदर. पुस्तिकेत ते पान त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, तसंच फोटो काढून छापलं.

तर तुमच्या आईंना "तारखा आठवत नाहीत" हे खरं नाहीये. त्यांना लॉगबुकाच्या तारखा आठवत नाहीत, त्यांच्या तारखा वेगळ्या आहेत. क्वार्टरला गळती कुठे होती, तुमच्या वेळी दिवस गेलेले असताना कुठल्या गावी होत्या, शाळेचं ॲडमिशन वर्षाच्या मध्यात कुठे मिळालं, स्कूटर कधी घेतली. आमच्या बायका पोस्टिंगनं काळ मोजतात. म्हणून आईंसमोर लॉगबुक उघडून बसू नका, त्या घाबरतील. तुम्ही आधी वहीतून महिने आणि ठिकाणं वेगळ्या कागदावर काढा, आणि दुपारी चहा घेताना सहज विचारा, आई आपण अमुक गावाला होतो तेव्हा शेजारी कोण होतं गं? शेजारी आठवला की सगळं येतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा पण समोर धरू नका.

जमिनीवरची माणसं कशी शोधायची? ऑफिसर लोक तुम्हाला सापडतीलच, कोर्समेट म्हणून, श्रद्धांजलीचे मेसेज आले असतील. ते चांगलं बोलतील आणि सगळे सारखंच बोलतील, "परफेक्ट जंटलमन, हार्ड टास्कमास्टर". मला विचाराल तर एअरमन शोधा, साहेबांचं विमान तयार करणारे, त्यांच्या ऑफिसातला क्लार्क, एमटीचा (गाड्यांच्या विभागातला) ड्रायव्हर. वरचा माणूस कसा होता ते खालच्याला कळतं. नाशकात हे सोपं आहे, ओझरचा डेपो, एचएएल, देवळाली, यामुळे निम्मी एअर फोर्स इथेच रिटायर होऊन बसलीय, गंगापूर रोडपासून पिंपळगावपर्यंत. ईसीएचएसला, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात, औषधाच्या रांगेत किंवा कॅन्टीनला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा आणि स्क्वाड्रनचा नंबर मोठ्यानं विचारा. प्रत्येक स्क्वाड्रनचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, एकाला धरलं की चाळीस मिळतात. एकच प्रश्न विचारा, साहेब तुमच्यावर कधी चिडले होते का? कौतुक ऐकायला मागाल तर भाषण मिळेल, चिडण्याबद्दल विचाराल तर किस्सा मिळेल.

मेडलांचं पटकन सांगतो. प्रत्येक मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन वाचा, त्यावरून ते देताना कुठल्या रँकला होते तेही कळतं. तुमच्या यादीत पश्चिमी स्टार आहे, पूर्वी स्टार नाही, म्हणजे १९७१ ला ते पश्चिम आघाडीवर होते. संग्राम मेडल त्याच काळातलं. १९६५ चं काही नाही हे बरोबरच, कमिशन नंतरचं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आणि पन्नासाव्या वर्षाचं अशी दोन्ही आहेत, म्हणजे १९७२ लाही नोकरीत आणि १९९७ लाही. ९ वर्षांचं, २० वर्षांचं, ३० वर्षांचं, ही दीर्घ सेवेची. ही शौर्याची नाहीत, पण ३० वर्षांच्या मेडलाला मी तरी सलाम करतो. वायुसेना मेडल मात्र नीट शोधा, ते शौर्यासाठीही देतात आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही, दोन्हींत फरक आहे. राजपत्रात नोंद असते, बऱ्याच वेळा सोबत दोन परिच्छेदांचं प्रशस्तिपत्र असतं, ते ट्रंकेतच कुठेतरी असणार. ते जसंच्या तसं छापा. त्यात भर घालू नका.

भर घालण्यावरून आठवलं. एका घरी वडील अकाउंट्स ब्रँचमधले ग्रुप कॅप्टन, अतिशय सज्जन माणूस, आणि मुलांनी मसुद्यात लिहिलं "१९७१ च्या युद्धात शत्रूच्या ठाण्यांवर मारा केला". मी म्हटलं अरे, तुमच्या बाबांनी युद्धात दोन हजार माणसांचा पगार एक दिवस उशिरा होऊ दिला नाही, लढणाऱ्याच्या घरी मनीऑर्डर वेळेवर पोचली, ती कमी गोष्ट आहे का? मुलं नाराज झाली. मोठा म्हणाला काका, लोकांना ते इंटरेस्टिंग वाटत नाही. पुस्तिका त्यांनी तशीच छापली, माझं नाव मी काढायला लावलं. प्रकाशनाला पहिल्या रांगेत वडिलांचे दोन जुने सहकारी बसले होते, त्यांनी पहिलं पान वाचलं, पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली आणि कार्यक्रम संपेपर्यंत परत उघडली नाही. तुमच्या बाबांचं १९७१ वहीत आहे, डिसेंबरच्या पानावर जेवढ्या ओळी आहेत तेवढंच ते. समोर फक्त "सीएपी" असेल तर त्यांनी पहारा दिला, विमान पाडलं नाही, आणि पहारा दिला असंच लिहायचं.

तिरंग्याचं तुम्ही विचारलंय, की अमरधामला लोक कुजबुजत होते, एवढा मोठा ऑफिसर आणि तिरंगा कसा नाही. तो सल मनात ठेवू नका. ध्वजसंहितेत सरळ आहे, शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीलाच पार्थिवावर ध्वज, केशरी पट्टी डोक्याकडे, आणि तो चितेत जात नाही, आधी काढून घेतात. रिटायर होऊन पंचवीस वर्षांनी घरी शांतपणे गेलेल्या माणसाला तो नसला म्हणजे अपमान नव्हे. हवाई दलाच्या जवळच्या स्टेशनला कळवलं असतं तर पुष्पचक्र घेऊन माणसं आली असती, मी तसं होताना बघितलंय, पण त्या दिवशी हे कुणाला सुचतं.

नाशिकची पंचवीस वर्षं विसरू नका, हे मुद्दाम सांगतो कारण सगळे विसरतात. पुस्तिकेत पन्नास पानं युनिफॉर्म आणि शेवटी अर्धं पान "निवृत्तीनंतर त्यांनी बागकामाची आवड जोपासली". अहो पंचवीस वर्षं! नोकरीपेक्षा थोडीच कमी. तुम्ही ओझरता उल्लेख केलाय की बाबा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे उलट्या दिशेनं चालायचे आणि रोज कुणाशी तरी वाद व्हायचा, यावर मला चार पानं वाचायला आवडतील. आणि ओझरहून सुखोई निघालं की अंगणात येऊन वर बघायचे आणि आवाजावरून काहीतरी पुटपुटायचे, ते काय पुटपुटायचे हे कामवाल्या मावशींना माहीत असेल, त्यांना विचारा. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा मी टीव्हीसमोर बसून रडलो, बायको म्हणाली लोखंडासाठी काय रडता. तुमचे बाबा त्याआधी दोन महिने गेले होते. असते तर बहुतेक टीव्ही बंद करून बागेत गेले असते, असं आपलं मला वाटतं, माझा अंदाज आहे, छापू नका.

बारीकसारीक. लॉगबुक कुणालाही, अगदी मलाही, घरी नेऊ देऊ नका. आधी प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, फ्लॅश नको. लॅमिनेशन अजिबात नको, एका घरी राष्ट्रपतींच्या सहीचं कमिशनपत्र लॅमिनेट करून ठेवलेलं, पाच वर्षांत आत पिवळं पडून फुगलं. मेडलं ब्रासोनं घासू नका. कुठल्या कागदावर गोपनीय किंवा रिस्ट्रिक्टेड असा शिक्का असेल तर तो पन्नास वर्षं जुना असला तरी छापायचा नाही. फोटोंच्या मागे पेन्सिलनं लिहा, पेननं नाही, आणि आई आहेत तोवर प्रत्येक फोटोतली माणसं ओळखून घ्या, हे काम पुस्तिकेच्याही आधी.

आता तुमची दोन रेघांची ओळ. मार्च १९७४, हंटर, सेल्फ, पंचवीस मिनिटं, डीएनसीओ, आणि पुढची नोंद जुलैत. तुमचा भाऊ म्हणतो इजेक्शन. मला तसं वाटत नाही. इजेक्शन असेल तर शेऱ्यात सहसा काहीतरी लिहितात, शिवाय तुम्ही पाठवलेल्या पानावर तोच विमान नंबर जुलैत परत दिसतोय, म्हणजे विमान धड खाली आलं. कावीळ असू शकते, चौकशी असू शकते, कोर्स असू शकतो. पण कोर्सला जाणारा माणूस शाईनं दोन रेघा मारत नाही, बाकी अख्ख्या वहीत त्यांनी कुठेही रेघ मारलेली नाही असं तुम्हीच लिहिलंय. जमिनीवरचं त्या दिवशीचं कुणी मिळालं तर बघू, हंटरवाले अजून दोन-तीन जण आहेत इंदिरानगरकडे, मी विचारतो. तोवर तिसरी बाजू तुमच्या घरातच आहे. १९७४ ची होळी आईंनी कुठल्या गावी केली तिथून सुरू करा, होळीवरून पाडव्यावर या. डीएनसीओ म्हणजे काय ते मात्र त्यांना आधी सांगू नका.